कोस्ताकाकांचा कायदा

कोस्ताकाका माझ्यावर पहिल्यांदा थुंकले तेव्हा मी दहावीत शाळेतून पहिला आलो होतो.

पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. ते पायरीवर बसून कॉफी पीत होते. मी निकाल सांगितला. ते उठले, माझे दोन्ही खांदे धरले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "फ्तू! फ्तू! फ्तू!" तीनदा. सरळ तोंडावर.

आमच्या वस्तीत थुंकणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या पणज्यांच्या गळ्यात मडकं का बांधलेलं असायचं, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी सांगतात. माझे वडील समोरच्या ओट्यावरून बघत होते. एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन ते धावत आले.

"कोस्ता! गोरा असशील तुझ्या घरी!"

कणकेच्या हातांनीच सुमनमावशी, म्हणजे काकांची बायको, बाहेर आली. "अहो भाऊ, थांबा, थांबा! दृष्ट काढायला लागलेत ते. त्यांच्यात असंच असतंय. ज्याच्यावर लई जीव, त्याच्यावर थुंकायचं."

"मग तुझ्यावर बी थुंकतो काय?"

"लग्नाच्या दिवशी सुरू केलंय. अजून थांबले न्हाईत."

वडिलांनी चप्पल खाली टाकली, पायात सरकवली आणि म्हणाले, "मग ठीक हाय. पण जरा लांबून." काकांना हे फार आवडलं. त्यांनी माझ्या वडिलांनाही लांबूनच, पण तीनदा, प्रसाद दिला. खरं तर त्यात थुंकी नसायचीच, नुसता आवाज. पण आवाज मात्र बॉयलरची वाफ सोडल्यासारखा.

कोस्ताकाका ग्रीक होते. औरंगाबादला तसे परदेशी लोक पुष्कळ येतात, लेणी बघतात, फोटो काढतात आणि जातात. भावसिंगपुऱ्यात घर करून, नळावर भांडून, रेशनच्या रांगेत उभा राहिलेला परदेशी मात्र हा एकच. त्यांचं गाव एका बेटावर. बाप समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढायचा. एक दिवस तो खाली गेला आणि वर आलाच नाही. एकुलता एक कोस्ता मग जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला लागला. ते जहाज मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला थांबलं असताना त्यांना ताप चढला. दवाखान्यात शुश्रूषा करायला गंगापूर तालुक्यातली सुमन नावाची नर्स होती. ताप गेला, जहाजही गेलं, हे राहिले.

मावशीची बदली औरंगाबादला झाली. तेव्हा चिकलठाण्याला एकेक कारखाना उभा राहत होता आणि बॉयलरला कान लावून त्याच्या पोटात काय दुखतंय ते सांगणारा माणूस सगळ्यांनाच हवा होता. काकांना नोकरी लगेच मिळाली. घर मिळेना. शेवटी गुलमंडीच्या मागे एका मालकाने नाव विचारलं. "कोस्ता," काका म्हणाले. "कोष्टी का? गोरे दिसता, कोकणातले असाल," असं म्हणून मालकाने स्वतःच उत्तर पुरं केलं आणि किल्ली दिली. हे सुख मावशीने भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या घरात असतो तो फोटो लावेपर्यंत टिकलं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या आईला लोणच्याच्या बरण्या ठेवायला अचानक खोली लागली. काकांना ते खरंच वाटलं. "बरण्यांना फळी ठोकून देतो, लोखंडी," असं म्हणत ते टेप घेऊन मोजमापं घ्यायला गेले. मालक घामाघूम झाला. घरी आल्यावर मावशीने त्यांना जात म्हणजे काय हे समजावून सांगितलं. त्याला संध्याकाळ पुरली नाही. सगळं ऐकून काका एवढंच म्हणाले, "पो पो पो!"

"पो पो पो" हा त्यांचा सर्व प्रकारच्या आश्चर्यासाठी, दुःखासाठी आणि भाजी महागली तर वापरायचा शब्द. दुसरा शब्द "सिगा सिगा", म्हणजे सावकाश, दमानं. हा शब्द कारखान्यात एवढा रुजला की बोनसवरून तंटा झाला तेव्हा कामगारांनी काम मंदावण्याची खूण म्हणून तोच वापरला. पाळी सुरू झाली की एकजण ओरडायचा, "सिगा सिगा!" आणि अख्खं खातं पेंगायला लागायचं. मॅनेजरला वाटायचं, एखाद्या देवाचं नाव घेतात बिचारे.

कॉफी ते पितळी भांड्यात उकळून प्यायचे आणि पिऊन झाल्यावर कप बशीत पालथा घालून गाळावरून भविष्य सांगायचे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. त्याविरुद्ध मी पत्रक काढलं आहे. तरी सत्याग्रहाच्या आदल्या दिवशी आमचे मोठमोठे कार्यकर्ते "सहज आलो होतो" म्हणत काकांच्या पायरीवर कप पालथे घालून बसायचे.

"जेल दिसतो," काका गंभीरपणे सांगायचे.

"जेल तर आमाला बी दिसायलाय काका, त्याला कप कशाला लागतोय?"

"जेलमध्ये माणसं लई दिसतात. ओळखीची."

हे भविष्य कधीही खोटं ठरलं नाही.

मला ते नावाने हाक मारत नसत. आमच्या घरात पुस्तकं नव्हती. वडील एका छापखान्यात होते. ते चुकून जास्त छापलेली पत्रकं घरी आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकलो. त्यामुळे मला बाराखडीच्या आधी "जाहीर निषेध" वाचता येत होतं. काका मला "ए पत्रक" म्हणायचे. "ए पत्रक, इकडं ये. आज कोणाचा निषेध?"

पण या सगळ्यांहून मोठी गोष्ट म्हणजे कोस्ताकाकांचा कायदा. कायदा नावांचा होता. त्यांच्या बेटावर मुलाला नाव शोधत नाहीत, ते आधीच ठरलेलं असतं. आजीआजोबांचं नाव नातवंडांना. हौस नाही, राशी नाही, सिनेमा नाही. "नाव नवीन नसतं," ते बोट उगारून म्हणायचे. "नाव जुनं असतं. माणूस नवीन असतो. कायदा म्हणजे कायदा."

पहिली मुलगी झाली तिला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं, एरिनी. तिची वस्तीने इरा केली आणि ती सुटली. दुसरी झाली तेव्हा कायद्याने मावशीच्या आईची पाळी होती. मावशीच्या आईचं नाव गयाबाई. त्यामुळे आमच्या वर्गात सीमा, संगीता आणि वंदना यांच्यामध्ये घारे डोळे आणि भुरे केस असलेली एक गया बसायची. तिला पुढे बसवताना मास्तर दरवेळी म्हणायचे, "या गयाबाई." तिने बापाला याबद्दल कधीही माफ केलं नाही.

मुलगा काही झाला नाही. काकांच्या बापाचं नाव होतं यानिस, आणि हे नाव अख्ख्या गल्लीला माहीत होतं, कारण काका त्याची वाट बघत होते. एकदा मी त्यांना विचारलं, एवढं काय अडलंय त्या नावावाचून? ते म्हणाले, "बाप पाण्यात गेला. कबर नाही, दगड नाही. नाव कुठं लिहायचं? सांग. पोरावर लिहायचं असतं." आणि लगेच, "कॉफी पितो?"

म्हणून विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न त्यांना जेवढा सोपा वाटला तेवढा तो या जगात कोणालाही वाटला नसेल. ज्यांच्यामुळे आमच्या घरांत पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली, त्यांचं नाव विद्यापीठाला द्यावं, एवढीच आमची मागणी. तिच्यासाठी पोरांनी लाठ्या खाल्ल्या, खेड्यांत घरं जळाली, माणसं गेली. काका आम्हांला विचारायचे, "ही शिकणारी पोरं कोणाची? त्यांची नातवं ना? मग घराला आज्याचं नाव देणार नाय तर काय शेजाऱ्याचं देणार?" आम्ही या विषयावर पानंच्या पानं लिहिली होती. हा मुद्दा एकातही नव्हता. मी तो पुढच्या पत्रकात घातला. अखेर कमानीवर नाव चढलं त्या दिवशी काका हवे होते. तीनदा थुंकून त्यांनी पोलिसांचा बंदोबस्त हादरवला असता.

तसा तो त्यांनी एकदा हादरवलाच होता. आमखास मैदानावर सभा होती. गया तेव्हा कॉलेजात होती आणि भाषणं करू लागली होती. त्या दिवशी ती अशी बोलली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात. एवढ्यात मंचाच्या पायऱ्यांवरून एक धिप्पाड गोरा माणूस रडत रडत वर चढला, तिच्यासमोर गेला आणि तिच्यावर थुंकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा थुंकायच्या आत मिलिंद नावाच्या स्वयंसेवकाने त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढला होता. मैदान उसळलं, बंदोबस्ताचे पोलीस काठ्या सावरत धावले. कोणी म्हणालं सीआयडीचा आहे, कोणी म्हणालं अमेरिकेचा हात.

"सोडा त्यांना!" गया माईकवर ओरडली. "माझे वडील हायेत ते! त्यांना भाषण आवडलंय!"

क्षणभर कोणाला कळेना. मग मागून आमच्या वडिलांचा आवाज आला, "तिसरं राहिलंय त्यांचं! करू द्या की पुरं!" सगळं मैदान हसलं. मिलिंदने कॉलर सोडली, इस्त्री केल्यासारखी हाताने सारखी केली आणि म्हणाला, "माफ करा मामा." काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि राहिलेलं तिसरं त्याच्यावर थुंकले. गया त्या दिवसापासून मिलिंदकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली, असं ती म्हणते. मिलिंद म्हणतो, आधीपासून.

मिलिंद गंगापूरकडचा. नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर जळलं. त्याचा बाप बायको-पोरांना घेऊन शहरात आला, वाळूजला नव्याने निघालेल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला, रजा टाकून सत्याग्रहाला गेला, जेलमध्ये राहून आला आणि पुढच्या हिवाळ्यात वारला. लग्न ठरवताना काकांनी मिलिंदला पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. विचारलं ते एकच. "बापाचं नाव?"

मिलिंद चुळबुळला. "के. आर. म्हणायचे त्यांना."

"पूर्ण."

"...कचरू."

"कचरू," काका एकेक अक्षर उच्चारून म्हणाले, जसं काही ते पाठ करून ठेवत होते. मिलिंदने मान खाली घातली. हे नाव त्याने शाळेच्या दाखल्यावर खाडाखोड करण्याएवढं झेललं होतं.

लग्नानंतर वर्षा-दीड वर्षाने गयाला दिवस गेले आणि काका बदलले. येता-जाता कायदा सांगणारा माणूस कायद्याबद्दल एकदम गप्प झाला. त्याचं कारण मावशीने बरोबर ताडलं होतं. स्वयंपाकघरातून ती मुद्दाम मोठ्याने विचारायची, "अहो, तुमच्यात पहिल्या पोराला मान कोणाचा असतोय? बापाच्या बापाचा, का आईच्या बापाच्या बापाचा?"

"पो पो पो, कॉफी उतू गेली," असं म्हणत काका उठायचे. भांडं चुलीवर नसायचंच.

मुलगा झाला. गया आणि मिलिंद दोघांनीही आपणहून सांगितलं, यानिस ठेवायचं. गयाला बापाला तो आनंद द्यायचा होता. मिलिंदला तर सुटल्यासारखंच झालं. मीही पाठिंबा दिला. काकांनी त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक माणसावर, दोन शेळ्यांवर आणि पोस्टमनवर थुंकून घेतलं.

बारसं करायचं की नाही यावर मी आणि मिलिंदने रीतसर बैठक घेतली. असल्या रूढी आपण का पाळायच्या, हा प्रश्न होता. बैठक चालू असतानाच बायकांनी पाळणा बांधला.

मिलिंदची थोरली बहीण कुसुम, म्हणजे बाळाची आत्या, वाळूजहून सकाळीच आली होती. नाव आत्याने कानात सांगायचं असतं. ती दाराच्या कडेला उभी राहून, ओठ हलवत, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी घोकत होती. "येनिस. यानीस. यानिस... व्हय ना गं गया? बरोबर म्हणायले का मी?" मग तिने पिशवीतून दुपटं काढलं आणि पाळण्यात अंथरलं. पांढरं, धुऊन धुऊन विरलेलं, कडेला लाल दोरा घातलेलं.

काका पाळण्याची कडी तपासत होते. त्यांनी कापडाला हात लावला. "लई मऊ. कुठून घेतलं?"

"घेतलं न्हाय मामा. बाचं धोतर हाय आमच्या. घर जळलं तवा अंगावर होतं म्हणून राहिलं. जेलात बी हेच नेसून गेले होते. लेकराला मऊ लागंल म्हणून शिवलं." एवढं सांगून ती पुन्हा घोकायला लागली. "यानिस, यानिस."

काका कडीला धरून तसेच उभे राहिले. मग खाली बसले. बायका पाळणा म्हणायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा. कायदा."

"आता काय?" गया म्हणाली.

"पहिला पोरगा, बापाचा बाप. दुसरा पोरगा, आईच्या माणसांचा. मला माहीत होतं. मी बोललो नाय."

"आमाला बी म्हाईत होतं," मावशी म्हणाली. "तुमी कधी बोलता तेच बघायले होते मी."

मिलिंद पुढे आला. "मामा, तुमच्या मनातलंच ठेवू. ते नाव नको. मी भोगलंय ते."

इथे मला गप्प राहणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "काका, कचरू, दगडू, धोंडू ही नावं आमच्या अंगावर फेकलेली आहेत. आम्हांला माणूस म्हणायचं नव्हतं म्हणून फेकलेली. ती पुसायला तर आम्ही रस्त्यावर उतरलो."

"कोण फेकलं?" काकांनी विचारलं. "पाटील?"

मी हो म्हणणार होतो. पण प्रश्न कुसुमला होता.

"आमच्या बाचं न्हाय," ती म्हणाली. "आजीनं ठेवलं ते. तिची आधीची लेकरं जगली न्हाईत. मग बा झाले. तर म्हणली, ह्याला कचरा म्हणा, म्हंजे कुणाची नजर पडायची न्हाय. उकिरड्यावर लोळवून आणलं म्हणं त्यांना, आन् मग पाजलं."

काकांचे डोळे मोठे झाले. "पो पो पो," ते हळूच म्हणाले. "थुंकली. म्हातारी थुंकली त्याच्यावर!"

मग गयाच हसली. "ठेवा कचरू. माझं गया ठेवलं तेव्हा मला कोणी इचारलं होतं? ह्याला बी भोगू द्या." मिलिंद तिच्याकडे बघत राहिला. मग तो दुपट्याकडे बघत राहिला. मग त्याने मान डोलावली.

माझा विरोध नोंदवून घ्यावा, असं मी म्हणालो. तो आजही आहे. ज्या नावांमागे अशी आजी नव्हती, ती नावं कितीतरी आहेत.

"नोंदवला," मावशी म्हणाली. "आता ही दोरी धर."

कुसुम वाकली. बाळाच्या कानाशी तिने आपल्या बापाचं नाव सांगितलं, बायकांनी कुर्र म्हणत तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती हसत, नाक पुसत सरळ झाली. बायका पाळणा हलवणार, तर तिने दोरी अडवली.

"एकच नाव कुठं ठेवत असत्यात? पाळण्यात चार-चार ठेवत्यात आमच्यात. मामा, या. तुमच्या बाचं तुमीच सांगा. माझ्या जिभेला येत न्हाय ते."

पुरुषाने नाव सांगायची रीत नाही, असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी त्याला गप्प केलं. काका आले. बॉयलरपाशी उभं राहून राहून त्यांचे गुडघे गेले होते. ते एका हाताने पाळणा धरून खाली बसले आणि वाकले. "यानिस," ते म्हणाले. स्पष्ट ऐकू आलं.

आम्हांला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. ते बोलत राहिले. खालच्या आवाजात, न थांबता, त्यांच्या भाषेत.

मी काकांना लहानपणापासून ओळखत होतो. त्यांची भाषा म्हणजे पो पो पो, सिगा सिगा आणि वाल्व्ह अडकला की द्यायच्या दोन शिव्या, एवढीच माझी समजूत होती. आता तिची सबंध वाक्यं येत होती, लांबलचक. मध्येच प्रश्न आल्यासारखा आवाज चढायचा. मग ते थांबायचे, उत्तराची वाट बघायचे आणि पुढे चालू करायचे. एकदा ते हसले. गयाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. इराला नाही, मिलिंदला नाही.

"एवढं कधी बोललेच न्हाईत हो हे," मावशी माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली. ती मला सांगत नव्हती.

"घुगऱ्या निवायल्यात गं सुमन," मागून एक म्हातारी म्हणाली. बायका दोरी धरून ताटकळल्या होत्या.

मावशीने हात वर केला. "थांबा. बोलू द्या त्यांना."

बाळ जागं झालं होतं. ते टक लावून काकांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होतं, आणि काका त्याला काहीतरी विचारत होते.